छताला टांगलेली ऊब

काकांच्या घरात वस्तू पुष्कळ होत्या, पण दिसत एकही नसे. सोफ्याला कव्हर होतं. ते कव्हर मळू नये म्हणून त्याच्यावर चादर होती, आणि चादर चुरगळू नये म्हणून घरची माणसं खुर्च्यांवर बसत. टीव्हीचा रिमोट ज्या प्लास्टिकमध्ये दुकानातून आला त्याच प्लास्टिकमध्ये अजून होता. वर्षानुवर्षांच्या अंगठ्याने ते इतकं धुरकट झालं होतं की बटणांवरचं काही वाचता येत नसे. काका अंदाजाने बटण दाबत, आणि जे काही लागेल ते आपल्याला पाहायचंच होतं असा चेहरा करून पाहत बसत. फ्रिजला कव्हर होतं, त्याच्या मुठीला वेगळं, मिक्सरला टोपी होती आणि घड्याळाला पारदर्शक पिशवी. एकेकाळी त्यांच्याकडे मोटारही होती. तिला त्यांनी असं जाड कव्हर शिवून घेतलं होतं की ते घालायला आणि काढायला लागणाऱ्या वेळात बसने जाऊन परत येता येई. त्यामुळे ते बसनेच जात. शेवटी जागच्या जागी टायर कुजले आणि गाडी भंगारात गेली. भंगारवाल्याने कव्हर मात्र कौतुकाने हात फिरवून पाहिलं, ही गोष्ट काका अजून अभिमानाने सांगतात.

गल्लीत सगळे त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे कव्हरकाका. ते हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. सारी नोकरी त्यांनी खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. बाहेरच्या माणसाला उद्या बोलावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

काकूंचं एक शिवणयंत्र होतं. लग्नात त्यांच्या वडिलांनी दिलेलं. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात काकांनी त्यावरून प्रेमाने हात फिरवला, म्हणाले, किती सुंदर आहे, वापरून खराब व्हायला नको. आणि त्याला कव्हर घातलं. त्यानंतर ते यंत्र घराच्या कोपऱ्यात फुलदाणी ठेवण्याच्या कामी आलं. मुलांचे कपडे शिंप्याकडे जात राहिले. काकू काही बोलल्या नाहीत. काकूंचं न बोलणं हे नाराजीचं लक्षण असतं हे काकांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची त्यांना कधी गरज वाटली नव्हती.

मुलं आपापल्या गावी गेली, काका निवृत्त होऊन घरी बसले, आणि एके दिवशी काकूंनी फुलदाणी उचलून खिडकीत ठेवली. यंत्र गॅरेजमध्ये नेलं, तेल घातलं आणि शिवणाचा वर्ग सुरू केला. गाडी गेल्यापासून गॅरेज रिकामंच होतं. आधी कोपऱ्यावरच्या बेकरीवालीबाई आल्या, मग दवाखान्यातली एक नर्स आली, मग त्यांच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या जावा. जुनी यंत्रं जमवून रांगेत मांडली गेली. शहरात शिवणवर्गांना मान्यता देणारी एक संस्था होती. तिच्या प्रमुखबाई हिवाळ्यात येऊन वर्ग पाहणार, विद्यार्थिनींच्या कामाचं प्रदर्शन बघणार, आणि मग मान्यता द्यायची की नाही ते ठरवणार, असं ठरलं. मान्यता मिळाली तर काकूंच्या विद्यार्थिनींना बाहेर काम मिळणार होतं आणि वर्ग हा खराखुरा वर्ग होणार होता. नाही मिळाली तर तो चार बायकांनी गॅरेजमध्ये जमून केलेला वेळ घालवण्याचा उद्योग ठरणार होता. हा शब्दप्रयोग काकांचाच. त्यांनी तो एकदा सहज केला होता, आणि काकूंनी तो नीट लक्षात ठेवला होता.

काकूंनी आयुष्यात काही मागितलं नव्हतं. या वेळी एकच गोष्ट मागितली. म्हणाल्या, "गॅरेज ऊबदार हवं. गारठलेल्या बोटांनी सुईत दोरा जात नाही."

काकांनी हे काम अंगावर घेतलं. एरवी निवृत्त माणसाच्या अंगावर कोणी काही टाकत नाही, त्यामुळे त्यांनी ते फारच अंगावर घेतलं. उन्हाळ्यातच, हीटरला गिऱ्हाईक नसताना स्वस्तात, त्यांनी गॅसवर चालणारा मोठा हीटर आणला. असले हीटर कारखान्यात आणि गोदामात छताला टांगलेले असतात. एक करड्या रंगाची लोखंडी पेटी, तिच्या पोटात गॅसची ज्योत, पाठीला पंखा. पंखा मागून खोलीतली हवा ओढतो, ज्योतीच्या उष्णतेवरून नेतो आणि पुढून गरम करून सोडतो. माणसं येऊन तो छताला, मागच्या भिंतीजवळ टांगून गेली. काका खाली उभे राहून बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिले. मग काकूंना म्हणाले, "आता याला कव्हर लागणार."

काकूंनी शिवलं. जाड करड्या कापडाचं, पेटीच्या रंगाला रंग मिळवून. मधून गॅसचा नळ जात असल्याने ते दोन तुकड्यांत करावं लागलं, एक पुढचा आणि एक मागचा. काकांचा आग्रह होता की मागचा तुकडा जास्त घट्ट हवा, कारण धूळ नेहमी मागून येते, हा त्यांचा कचेरीतला अनुभव होता. काकूंनी दुहेरी शिलाई घातली आणि दोरी ओवून दिली. काकांनी शिडीवर चढून दोन्ही तुकडे स्वतः बांधले. हीटरचा थर्मोस्टॅट, म्हणजे खोलीचं तापमान ठरवणारं बटण, भिंतीवर होता, आणि बायका तो उगाच फिरवतील म्हणून काकांनी त्यावर प्लास्टिकची पेटी ठोकली, पेटीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या गळ्यात घातली.

पहिली कडक थंडी पडली त्या सकाळी काकांनी वर्ग सुरू होण्याआधी छोटंसं भाषण केलं. उष्णतेचं माणसाच्या जीवनातलं स्थान, यावर. बायका कोटात हात खुपसून ऐकत होत्या. मग त्यांनी शिडीच्या दोन पायऱ्या चढून दोरी ओढली, कव्हर खाली आलं, हीटरचं चकचकीत तोंड दिसलं. कुलूप उघडलं, बटण फिरवलं. वर टक असा आवाज झाला, आत निळी ज्योत भडकली, पंखा घरघरला आणि गरम हवेची एक लाट सगळ्यांच्या तोंडावर आली. बेकरीवालीबाईंनी टाळ्या वाजवल्या. काकांनी मान किंचित लववली. कव्हराची नीट घडी करून ते कपाटात ठेवायला गेले, आणि परत येईतो हवा गार झाली होती. पंखा फिरत होता, ज्योत विझली होती.

थोड्या वेळाने ज्योत आपोआप पेटली. पुन्हा ऊब आली, बायकांनी कोटाची बटणं सोडली. पुन्हा ज्योत गेली, बटणं लागली. दिवसभर हेच. संध्याकाळी नर्सबाई म्हणाली की शिवणापेक्षा आज बटणं लावण्याचा सरावच जास्त झाला. काका हसले नाहीत.

त्यांनी हीटरबरोबर आलेलं माहितीपुस्तक काढलं. अर्थात प्लास्टिकच्या पिशवीतून, आणि पिशवी न फाडता, कडेने पानं उलटून. बिघाड कसा शोधावा ते त्यात क्रमाने सांगितलं होतं आणि क्रमाने दिलेल्या गोष्टींवर काकांची श्रद्धा होती. वीज आहे का, आहे. गॅसचा खटका उघडा आहे का, आहे. ज्योत पेटते का, पेटते. हवेचे मार्ग मोकळे आहेत का, या ओळीवर ते थांबले. शिडीवर चढून हीटरच्या तोंडासमोर तळहात धरला. हवा येत होती. जराशी येत होती, पण येत होती. हवा येते म्हणजे मार्ग मोकळा, असा निष्कर्ष काढून ते खाली उतरले. कचेरीत त्यांनी फायलींचे निष्कर्ष याच पद्धतीने काढले होते, आणि तिथे कधी कोणाला थंडी वाजली नव्हती.

यंत्र बिघडलं ही बातमी शेजारी कशी कळते हे सांगणं अवघड आहे. बहुधा माणूस शिडीवर दिसला की शेजाऱ्याला चप्पल घालावीशी वाटते. समोर, रस्त्यापलीकडे, एक निवृत्त इंजिनिअर राहत. त्यांनी जन्मभर पूल बांधले होते, म्हणून गल्लीत त्यांचं नाव पूलसाहेब. पुलाखेरीज जगातल्या प्रत्येक गोष्टीवर ते ठामपणे बोलत. पुलाचा विषय निघाला की मात्र जरा सावध होत.

पूलसाहेबांनी हीटरकडे पाहिलंच नाही. ते म्हणाले, रोग दिसतो तिथे नसतो. त्यांनी भिंतीवरच्या थर्मोस्टॅटकडे बोट केलं, मग शेजारच्या इस्त्रीच्या टेबलाकडे. इस्त्र्या तापल्या की थर्मोस्टॅटला वाटतं खोली तापली, आणि तो बिचारा ज्योत बंद करतो. हे इतकं पटण्यासारखं होतं की चूक असणं शक्यच नव्हतं. इस्त्रीचं टेबल अंगणात गेलं. बायका अंगणातल्या वाऱ्यात इस्त्री करू लागल्या, कापडाची एक बाजू सरळ होईतो दुसरी दवाने ओली होई. ज्योत होती तशीच विझत राहिली.

मग थर्मोस्टॅटच दुसऱ्या भिंतीवर हलवायचा ठरला. त्यासाठी काकांची प्लास्टिकची पेटी उघडायला हवी होती. काकांनी गळ्यातली किल्ली काढून कुलपात घातली, आणि गारठलेल्या कुलपात ती तुटली. पूलसाहेबांनी हातोडा मागितला. त्यांचा नेम पुलांच्या मापाचा होता. पेटी फुटली, तिच्याबरोबर भिंतीचा गिलावा आला आणि थर्मोस्टॅट तारेच्या टोकाला लोंबकळू लागला. तसाही तो चालत होता, म्हणजे ज्योत पेटत होती आणि विझत होती.

"प्रगती आहे," पूलसाहेब म्हणाले, आणि जेवायला गेले.

काकू दाराशी उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं की विकणाऱ्याच्या माणसाला बोलावलं तर चालणार नाही का. काकांना हा वार वर्मी लागला. जी गोष्ट आपण आणली, आपण टांगून घेतली, जिच्यावर भाषण केलं, तिच्यासाठी परका माणूस बोलवायचा म्हणजे उद्या घरात आपल्याला काय काम? हे ते बोलले नाहीत. बोलले असते तर काकूंनी कदाचित काहीतरी काम दिलंही असतं. ते म्हणाले, "आता मुळापर्यंत आलोच आहे." आणि मेहुण्याला फोन केला.

मेहुणा, म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, विमा विकत असे. संकटाचा वास त्याला लांबून येई आणि तो आनंदाने येई. त्याने आल्या आल्या सांगितलं, "दाजी, हे धुराड्याचं काम आहे. पक्ष्याने घरटं केलं असणार. माझ्या एका ओळखीच्याकडे अगदी हेच झालं होतं." मेहुण्याच्या ओळखीच्यांकडे नेहमी अगदी हेच झालेलं असे. काकांनी नको म्हणायच्या आत तो गॅरेजच्या पत्र्यावर चढला. वरून त्याने ओरडून सांगितलं की घरटं नाही, धुराडं एकदम साफ आहे. हे सांगताना तो एक पाऊल मागे सरला. पुढच्या क्षणी त्याचा बूट आणि त्याच्या वरचा बराचसा पाय कापड बेतायच्या टेबलावर लोंबत होता. बेकरीवालीबाईंनी प्रसंगावधान राखून टेबलावरचा रेशमी ब्लाउज बाजूला घेतला.

मेहुणा बाहेर निघाला, पण भोक राहिलं. आता थंडी दारातूनच नव्हे, वरूनही येऊ लागली. काकांनी भोकावर प्लास्टिक ताणून बसवलं. घरात प्लास्टिकला तोटा नव्हता. वारा आला की ते प्लास्टिक ढोलासारखं वाजे, आणि काकू शिकवता शिकवता थांबून वाट पाहत.

दोन बायकांनी येणं बंद केलं. एकीला खोकला झाला होता, दुसरीने खरं कारण सांगितलं. काकूंनी त्या संध्याकाळी प्रदर्शनाच्या कपड्यांना उशिरापर्यंत हात लावला नाही. नुसत्या यंत्राच्या चाकावर हात ठेवून बसल्या. काकांनी ते पाहिलं. काही सुचेनासं झालं की ते जे करत तेच त्यांनी केलं. ते कचेरीत गेले.

म्हणजे हीटर विकणाऱ्याच्या कचेरीत. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की आमचा माणूस येईल, पण गॅसचा दाब ठीक असल्याचं गॅस कंपनीचं पत्र आधी आणा. काका गॅस कंपनीत गेले. तिथे काच होती, काचेला खिडकी होती, आणि खिडकीच्या आत एक माणूस डबा बंद करत होता. काका जन्मात पहिल्यांदा बाहेरच्या बाजूला उभे होते. तिथून सगळं बरंच वेगळं दिसतं, असं त्यांच्या लक्षात आलं, पण ते त्यांनी मनावर घेतलं नाही.

आतल्या माणसाने कागद पाहिला. "गॅरेजची जोडणी आहे. गॅरेजला थंडी वाजते अशी तक्रार आहे का तुमची?"

"आत माणसं बसतात."

"मग ते गॅरेज नाही."

"गॅरेजच आहे हो."

"मग माणसं बसत नाहीत."

काकांना राग यायला हवा होता. पण त्या उत्तराची बांधणी इतकी घट्ट होती की एका जाणकाराने दुसऱ्या जाणकाराला द्यावी तशी त्यांनी मनातल्या मनात दाद दिली. वर्गाची जोडणी मागावी तर नकाशा, तपासणी, पुन्हा तपासणी, आणि हे सगळं होईतो उन्हाळा. गॅरेजची तक्रार मात्र लगेच नोंदता येणार होती. काकांनी गॅरेजची तक्रार नोंदवली. आणि कागदावर गॅरेज असेल तर तपासनिसाला गॅरेजच दिसलं पाहिजे, असं त्यांनी घरी येताना ठरवलं. पुढच्या अनर्थाचं मूळ इथे होतं, पण काकांना ती युक्ती वाटली.

त्यांनी शिवणयंत्रं अंगणात काढून त्यांच्यावर प्लास्टिक टाकलं. वर्ग घरात आला. घरात बसायला सोफा होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावरची चादर काढावी लागली, कारण बायका जमिनीवर किती बसणार. चादरीखालचं कव्हर आणि कव्हराखालचा सोफा कोणत्या रंगाचा आहे यावर बायकांमध्ये पैज लागली. काका दुसऱ्या खोलीत गेले. मेहुण्याची मोटार गॅरेजमध्ये आणून उभी केली. काकांनी तिच्याकडे पाहिलं आणि सवयीने तिला एक चादर घातली.

तपासनीस सांगितलेल्या दिवशी आला नाही, त्यानंतर आठवडा उलटल्यावर आला. त्याने मोटार पाहिली, वर हीटर पाहिला, तारेला लोंबणारा थर्मोस्टॅट पाहिला, पत्र्यातलं प्लास्टिक पाहिलं. त्याचा चेहरा क्रमाक्रमाने लांब होत गेला. "आत पेट्रोलची गाडी असताना मी ज्योत पेटवून तपासू शकत नाही," तो म्हणाला. "नियम आहे. गाडी बाहेर काढा."

मेहुण्याने किल्ली फिरवली. गाडी खोकली आणि गप्प झाली. इतके दिवस थंडीत उभी राहून तिची बॅटरी उतरली होती. तपासनिसाने चहा घेतला, चहा संपेतो थांबला, आणि मग कागदावर लिहिलं की गाडीमुळे तपासणी होऊ शकली नाही. पुढची तारीख त्याने दिली ती प्रदर्शनाच्या नंतरची होती. जाताना तो म्हणाला की गाडी नसती तर झटकन काम झालं असतं. काकांनी त्याला गाडी का आहे हे सांगितलं नाही. ते सांगायला फार वेळ लागला असता आणि सांगून झाल्यावर काका जसे दिसले असते तसे त्यांना दिसायचं नव्हतं.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सगळ्या विद्यार्थिनींनी मिळून गाडी ढकलून बाहेर काढली. नर्सबाईने जोर लावला, बेकरीवालीबाईंनी त्याहून लावला. गाडी अपेक्षेपेक्षा उत्साहाने निघाली आणि रस्ता ओलांडून पूलसाहेबांच्या फाटकावर थांबली. फाटकाचं बांधकाम त्यांनी स्वतः केलेलं होतं. ते ज्या सहजतेने आडवं झालं ते पाहून पुलांबद्दलचा त्यांचा सावधपणा गल्लीला पहिल्यांदाच कळला. पूलसाहेबांनी काकांशी बोलणं सोडलं, आणि या सगळ्या उपद्व्यापातला तेवढाच एक नफा, असं काकू म्हणाल्या.

प्रदर्शनाच्या सकाळी गॅरेज सजलं होतं. दोऱ्यांवर फ्रॉक, सदरे, उशांचे अभ्रे. मधोमध यंत्रांची रांग. वर प्लास्टिक वाजत होतं. हीटर पेटत आणि विझत होता. संस्थेच्या प्रमुखबाई आल्या, उंच, सडपातळ, नाकावर चष्मा, अंगावर जाड कोट. त्यांनी तो काढला नाही. एकेक कपडा उलटा करून आतली शिलाई पाहत गेल्या आणि काही बोलल्या नाहीत. न बोलणाऱ्या बायकांचा काकांना पुरेसा अनुभव होता, तरीही त्यांना घाम फुटला. त्या गारठ्यात खोलीत गरम असलेला तेवढा एकच माणूस होता.

मग प्रमुखबाई म्हणाल्या की एखादीने आत्ता, समोर, काही शिवून दाखवावं. नर्सबाई बसली. बोटं गारठलेली. दोरा ओवायला गेली, चुकला. पुन्हा चुकला. ओठांत धरून ओला केला, तोही चुकला. प्रमुखबाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. काकूंनी पदर घट्ट धरला. इतक्या वर्षांत काकांनी त्यांचा चेहरा असा उतरलेला पाहिला नव्हता, किंवा पाहिलाच नव्हता.

"जाड कापड घ्या," काकू नर्सबाईला म्हणाल्या, "सुई मोठी लागेल, दोराही जाड. सोपं जाईल." आणि जाड कापड म्हणून त्यांना आठवलं ते कपाटातलं करडं कव्हर. बेकरीवालीबाईंनी ते आणून टेबलावर पसरलं. काकूंनी उलटसुलट केलं. पुन्हा केलं.

"अहो, हा पुढचाच तुकडा आहे. मागचा कुठे ठेवलात?"

"ठेवलाय की, व्यवस्थित ठेवलाय," काका म्हणाले. वस्तू कुठे आहे असं विचारलं की ते हेच म्हणत. म्हणून झाल्यावर त्यांना आठवायला लागलं. त्यांनी कपाट आठवलं, पेटी आठवली, माळा आठवला. मग त्यांना दोरी आठवली. त्यांनी ओढली ती पुढची. मागची त्यांनी ओढलीच नव्हती.

ते वर पाहत नव्हते, तरी त्यांना सगळं दिसलं. मागून हवा घ्यायची ती वाट दुहेरी शिलाईच्या जाड कापडाने बंद. आतली उष्णता बाहेर जायला हवा नाही, म्हणून पेटी तापते. जळू नये म्हणून स्वतःच ज्योत विझवते, निवली की पुन्हा पेटवते. बिचारं यंत्र इतके दिवस जीव वाचवत होतं आणि ते त्याला बिघाड म्हणत होते. गॅस, तारा, धुराडं, पक्षी, कंपनी, मोटार, फाटक. आणि त्याच्या पाठीवर त्यांच्या हातची गाठ.

कोणाला कळलं नव्हतं. कापडाचा रंग पेटीचाच होता. मागचा तुकडा सापडत नाही, हरवला, उंदरांनी नेला, काहीही म्हणता आलं असतं, आणि पाहुण्या गेल्यावर गुपचूप शिडी लावता आली असती. काकांच्या जिभेवर उंदीर येऊनही गेला. मग नर्सबाईचा दोरा पुन्हा चुकला.

काकांनी शिडी ओढली. भरल्या गॅरेजमध्ये, प्रमुखबाईंच्या समोर, ते पायऱ्या चढले. हीटरच्या मागे हात घातला, चाचपडले, गाठ सुटेना. त्यांनी ती घट्ट बांधली होती. शेवटी त्यांनी ती दातांनी सोडवली. करडा तुकडा पंख्याच्या जाळीला चिकटून बसला होता, तो ओढताना फर्रकन आवाज झाला. पंख्याने दीर्घ श्वास घेतल्यासारखा सूर बदलला. पुढून जी हवा आली तिने दोरीवरचे सगळे फ्रॉक एकाच दिशेला उडाले.

"पहिल्या दिवसापासून माझ्याकडून राहिलं होतं," काका शिडीवरूनच म्हणाले.

कोणी हसलं नाही, हे जास्त वाईट होतं. मग बेकरीवालीबाई हसल्या, आणि मग सगळ्याच. पूलसाहेब दाराशी येऊन उभे होते. त्यांनी अबोला मोडून सांगितलं की आपल्याला पहिल्यापासून हवेचाच संशय होता. ज्योत विझली नाही. थोड्या वेळाने प्रमुखबाईंनी कोट काढून खुर्चीवर टाकला, आणि नर्सबाईने दोरा ओवला.

प्रमुखबाईंचं लक्ष मात्र तिच्याकडे नव्हतं. त्यांनी काकांच्या हातातून मागचा तुकडा घेतला होता. तो उजेडाला धरला, शिलाई नखाने उचकटून पाहिली, दोन्ही हातांनी ताणली. "इतके दिवस गरम हवेत, पंख्याच्या ओढीत होतं हे?" त्यांनी विचारलं. "एक टाका उसवलेला नाही. ही कोणाची शिलाई?"

"माझी," काकू म्हणाल्या. हा शब्द त्यांनी कितीतरी वर्षांत इतक्या मोठ्याने उच्चारला नव्हता.

मान्यता मिळाली. वर संस्थेच्या सगळ्या यंत्रांसाठी कव्हरं शिवण्याचं कामही मिळालं. प्रमुखबाईंनी जाताना एकच अट घातली, हसत, पण अट म्हणून, की कव्हरं घालायला आणि काढायला संस्थेचा माणूस असेल, हे गृहस्थ नकोत.

काकांचा अपमान फार दिवस टिकला नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून ते गल्लीत सांगू लागले की वर्गाला मान्यता मिळाली ती खरं तर त्यांनी कव्हराचा आग्रह धरला म्हणून. हे खरं होतं, आणि ऐकणाऱ्यांना त्याचाच त्रास होई.

मान्यतेची सनद आली तेव्हा काकूंनी ती चौकटीत बसवून गॅरेजच्या भिंतीवर, फुटलेल्या गिलाव्याच्या जागी लावली. वर्ग संपला होता, हीटर संथ घरघरत होता. काका पारदर्शक प्लास्टिक आणि कात्री घेऊन आले. चौकटीचं माप त्यांनी आधीच घेतलं होतं.

काकू आपल्या यंत्रावर बसल्या होत्या. पाय थांबवून त्यांनी वर पाहिलं.

"उघडंच राहू दे," त्या म्हणाल्या. "धूळ बसली तर पुसू."

काका प्लास्टिक हातात धरून उभे होते. त्यांची नजर सनदेवर होती, मग ती खाली यंत्रावर आली, जिथे एकेकाळी फुलदाणी असायची. मग त्यांनी प्लास्टिकची घडी केली, ती ठेवायला कुठे जागा दिसेना म्हणून खिशात घातली, आणि जमिनीवरचे कापडाचे कपटे गोळा करायला लागले.